लेकुरवाळीचं वाण

दिगूमामा रविवारी सकाळी यायचा तेव्हा त्याच्या सायकलची घंटा कधी ऐकू यायची नाही; फाटकाशी तो कुणाला तरी दुरुस्त करत असायचा, ते ऐकू यायचं. बहुधा भाजीवाला सापडायचा. "भाई, इसको चौलाई मत बोलो, ये दूसरी चीज है." भाजीवाला जुड्यांवर पाणी मारत म्हणायचा, "होगी साहब, पर बिकती चौलाई के नाम से है." ज्ञान आणि बाजार यांच्यातला हा वाद दर रविवारी अनिर्णित राहायचा आणि आई तीच जुडी विकत घ्यायची.

मामा आईचा धाकटा भाऊ. इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. पुण्याला शिकायला गेला आणि परतताना पदवी, काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग आणि स्वच्छ मराठी घेऊन आला. आम्ही उज्जैनची माणसं 'काय करून राहिलीस' म्हणणारी. मामा 'काय करते आहेस' म्हणायचा, आणि ते ऐकलं की आई बाबांकडे अशी बघायची, जणू तिच्या माहेरून आत्ताच कुणी पालखीतून उतरलंय. बाबांच्या बाजूलाही मोठेपणा कमी नव्हता. त्यांच्या पूर्वजांनी शिंदेशाहीत कुठल्याशा दप्तरात कारकुनी केली होती आणि आमच्याकडे ती राज्य केल्याच्या थाटात सांगितली जायची. बाबा स्वतः सिंचाई विभागात होते आणि त्याबद्दल काहीच सांगायचे नाहीत.

घर नानाखेड्याच्या बाजूला होतं. तेव्हा तिथे कॉलनी म्हणजे अधूनमधून घरं आणि मध्ये मोकळे प्लॉट. बसस्टँडवरच्या कंडक्टरांची 'इंदौर-इंदौर-इंदौर' ही हाळी वारा आमच्या बाजूचा असला की स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि आई त्या तालावर कांदा चिरायची. मागे परस होतं : पाण्याची टाकी, तोटीला चिंधी बांधलेला नळ, कोपरा तुटलेला धुण्याचा दगड, सांडपाण्यावर माजलेलं अळू, एक लिंबू, एक कढीपत्ता. रविवारी बाबा स्कूटरवरून टावर चौकात जाऊन जलेबी आणायचे. आई पोहे वाफेवर ठेवायची, वरून शेव, कच्चा कांदा, जीरावनचा मसाला. पुण्याचे पाहुणे या पोह्यांना 'हे काय, फोडणीचे नाहीत?' म्हणत आणि मग दुसऱ्यांदा घेत. मामा पोह्याची बशी घेऊन परसात जायचा आणि मागोमाग मी.

आमच्या घरात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणायची पद्धत होती. मामा शाब्बास म्हणायचा. पान चुरगाळून वास घ्यायचा, देठ मोडून चीक बघायचा, पान खोडावर समोरासमोर आहे की आळीपाळीनं ते पाहायचं, आणि हे सगळं झाल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही, ही त्याची शिस्त. 'नावं सांगणारे खूप भेटतील नंदे. पाहणारे भेटत नाहीत.' या शहरात तर रामघाटापासून आमच्या गल्लीपर्यंत प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीचं माहात्म्य पाठ. वडाच्या पारंबीला मागच्या जन्मीची गोष्ट जोडून देतील, पण पान हातात घेऊन बघणार नाहीत. मला वाटायचं, सगळ्या उज्जैनमध्ये पाहणारी माणसं दोनच, आणि त्यांतली एक मी. त्या वयात असं वाटायला एक मामा लागतो.

मी अकरावीत गेले त्या पावसाळ्यात धुण्याच्या दगडामागे मला ते रोप दिसलं. वीतभर उंच, मांसल पानं, खालून जांभळट ठिपके. आणि पानाच्या कडेला, दातऱ्यांच्या खाचांत, मुंगीएवढी रोपं ओळीनं बसलेली. प्रत्येकाला आपली दोन पानं, काहींना केसासारखं मूळही. पानफुटी मला ठाऊक होती. तिचं पान मातीत पडलं म्हणजे कडेला कोंब फुटतात. इथे पान झाडावर असतानाच पोरं तयार होऊन बसली होती, धक्का लागायची वाट बघत. मी हाक मारत मामाला आणलं. त्यानं बशी टाकीवर ठेवली, उकिडवा बसला, भिंगातून बराच वेळ पाहिलं. "नंदे," तो म्हणाला, "हे या भागात मी कधी पाहिलेलं नाही. तू शोधलंस."

हे वाक्य मी त्या रात्री आणि पुढे बऱ्याच रात्री उशाशी घेऊन झोपले.

नाव विचारलं तर म्हणाला, घाई नको. फूल आल्याशिवाय कूळ सांगता येतं, नाव नाही. फूल येईपर्यंत थांब, उपटू नकोस, काय काय होतं ते मला सांगत जा. हा नियम खरा आहे. आजही कुणी मला पानावरून झाडाचं नाव विचारलं तर मी हेच सांगते. म्हणूनच तो मला इतकी वर्षं बोचत राहिला. खोट्या नियमानं फसले असते तर विसरून गेले असते.

मी सांगत गेले. धुण्याच्या दगडाच्या फटीत आलं, अळूत शिरलं, टाकीच्या डोक्यावर, जिथे माती नव्हतीच, तिथेही आलं. आई धुणं आपटताना पानांना धक्का लागायचा आणि पोरं साबणाच्या पाण्यातून वाहत जाऊन पलीकडे रुजायची. शेजारच्या कुसुमकाकू भिंतीवरून वाकून बघायच्या. त्यांचे यजमान बँकेत, बदलीवर साताऱ्याकडून आलेले. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं, आणि हळदीकुंकवाला ओटी भरताना बायकांचे हात त्यांच्यापाशी जरासे थबकत. एक दिवस त्या म्हणाल्या, "वहिनी, ही तर लेकुरवाळी आहे हो. बघा की, कडेवर घेऊन उभी." नाव पडलं. मामानं शिकवलेल्या शिस्तीत ते बसत नव्हतं, पण त्याहून चांगलं नाव मला आजवर सापडलेलं नाही.

संक्रांतीचं वाण ही आमच्या मराठी बायकांची वार्षिक परीक्षा. कुणी काय लुटलं याची चर्चा रथसप्तमीनंतरही संपत नसे. आदल्या वर्षी फ्रीगंजातल्या एका बाईंनी चहाची गाळणी लुटली होती, आईनं प्लास्टिकचे डबे, आणि गाळणीसमोर डबे पडले होते. त्या वर्षी आईच्या डोक्यात आलं की लेकुरवाळी लुटायची. कुंभाराकडून कुल्हड आणले, गेरूनं रंगवले, प्रत्येकात एकेक पोर लावलं, आणि परसात त्यांची ओळ मांडली. मामा तिळाची वडी खात दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, कारण त्याला विचारल्याशिवाय त्या रोपाबाबत मी काही करत नसे.

"ताई, कल्पना फार सुंदर आहे," तो म्हणाला. "कुठल्या कुठल्या मोहल्ल्यांतून येतात गं बायका?"

"साऱ्याच येतात. फ्रीगंजच्या, ऋषीनगरच्या, पार जुन्या शहरातल्यापण. का रे?"

"सहज."

त्या संक्रांतीला गाळणी हरली. बायका कुल्हड पदराखाली झाकून नेत होत्या, जसं काही वारा लागेल. कुसुमकाकूंनी आपला तुळशीपाशी ठेवला. त्यांची ओटी भरताना आईचा हात थबकला नाही, एवढं मला दिसलं.

पुढच्या पावसात लेकुरवाळीनं आपलं खरं रूप दाखवलं. परसातल्या अळूच्या जागी ती होती. कढीपत्त्याच्या बुडाशी ती, गटारीच्या कडेला ती. बायका भेटल्या की आधी हसून आणि मग न हसता म्हणू लागल्या, "अहो, तुमची लेकुरवाळी आवरत नाही." उपटून फेकली तर फेकल्या जागी रुजायची. कुसुमकाकूंच्या मोलकरणीनं एक टोपलीभर उपटून फाटकाबाहेर टाकली आणि समोरच्या शर्माभाभींच्या गाईनं ती खाल्ली.

ही गाय गल्लीची होती म्हटलं तरी चालेल. आई रोज पहिली पोळी तिला द्यायची. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग ती बसली आणि उठेना. ढोरांचा डॉक्टर आला. त्यानं काय खाल्लं विचारलं, शर्माभाभींनी आईकडे न बघता बोट दाखवलं : "भाभीजी का वो पौधा." डॉक्टर म्हणाला, पौधा कौन सा है, पता चले तो कुछ करूँ. मी एक फांदी पिशवीत घातली आणि सायकल मारत मामाच्या घरी गेले. त्यानं फांदी हातात घेतली, भिंग काढलंही नाही.

"फुलाशिवाय कसं सांगणार, नंदे?"

"पण ती मरेल मामा."

"पावसाळ्यात गुरं काहीही खातात. झाडाचाच दोष कशावरून? पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, काय सांगितलंय मी?"

मी लाजून परत आले. आई गाईपाशी बसून होती. गाय उठेपर्यंत तिनं अन्नाला हात लावला नाही, आणि गाय उठली, पण दूध आटलं ते आटलं. शर्माभाभी वाईट बोलल्या नाहीत. फक्त आमची पोळी त्यांनी त्यानंतर गाईला देऊ दिली नाही.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाची व्याख्यानमाला असायची. उज्जैनमधल्या मराठी माणसाला वर्षभर हिंदीत जगल्यावर त्या दिवसांत मराठीत झोपायची सोय. त्या वर्षी मामाचं व्याख्यान होतं, स्लाइडसह, आणि त्याच्या संशोधनाबद्दल सत्कारही. समई पंख्याच्या वाऱ्यात पेटेना, म्हणून पंखे बंद केले आणि मग पाहुण्यांचा परिचय करून देणारे गृहस्थ घामाघूम होईपर्यंत बोलले. शाल, श्रीफळ, पुन्हा एक शाल, कारण पहिली अध्यक्षांची होती. आई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून, कुसुमकाकूंना मुद्दाम शेजारी घेऊन. गाईच्या प्रकरणानंतर ती प्रथमच चारचौघांत आली होती.

दिवे मालवले. विषय होता, परकीय वनस्पतींचं आक्रमण. गाजरगवत झालं, जलकुंभी झाली, आणि मग पडद्यावर आमचा धुण्याचा दगड आला.

तुटलेला कोपरा, तोटीची चिंधी, सगळं. दगडामागे बोटभर रोप, शेजारी मोजपट्टी उभी केलेली. मी शोधलं तेव्हा ते वीतभर होतं; हे त्याच्या कितीतरी आधीचं. आणि रोपाभोवती ओल्या मातीचं गोल, नीट थापलेलं आळं होतं. मला पाहायला मामानंच शिकवलं होतं, म्हणून मी पाहिलं. आपणहून उगवलेलं रोप स्वतःभोवती आळं करून घेत नाही.

"मूळची मादागास्करची," मामा स्वच्छ मराठीत सांगत होता. "फुलाची वाट न पाहता, केवळ पानांवरून बाळरोपांनी पसरते. गुरांच्या हृदयाला घातक." मग शहराचा नकाशा आला, त्यावर लाल ठिपके. फ्रीगंज, ऋषीनगर, जुनं शहर. आमच्या संक्रांतीला आलेल्या एकेका बाईचं घर पडद्यावर लाल झालं होतं. "आणि या प्रसाराचं माध्यम काय असावं? वारा नाही, पक्षी नाहीत. हळदीकुंकू!" सभागृह हसलं. "एका अजाण गृहिणीनं ही वनस्पती वाण म्हणून वाटली. काही भगिनींनी तर, मला कळलं, संतानप्राप्तीच्या आशेनं तिची पूजाही केली." आता जास्त हसले. अंधारातही माणसं कुठे वळून बघतात ते कळतं. कुसुमकाकू उठल्या नाहीत. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. आई आपल्या हातांकडे बघत होती.

पुढच्या रविवारी मामा नेहमीसारखा आला. मी त्याला परसात गाठलं. "मामा, आळं कुणी केलं होतं?"

त्याचा चेहरा उजळला. "ते पाहिलंस तू? वा! शाब्बास नंदे."

त्याला खरोखर आनंद झाला होता. मी खोटं सांगत नाही. कॉलेजच्या बागेत माळी उपटून टाकतो, तो सांगू लागला, तुमच्याकडे बारा महिने पाणी, म्हणून इथे लावलं. सांगितलं असतं तर तू निरखलं नसतंस, ताईनं ठेवलं नसतं, मग प्रयोग कसला? कुणी ठरवून पसरवत नसताना ते कसं पसरतं, तेच तर पाहायचं होतं. मी गाईचं विचारलं. "उठली ना ती?" तो म्हणाला, आणि जलेबी संपली का विचारलं.

आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला दगड दिसला तेव्हाच कळलं." एवढंच. मग दिवाळीपर्यंत तिनं विषय काढला नाही. भाऊबीजेला मामा आला, पाटावर बसला, तिनं त्याला नेहमीसारखं ओवाळलं. त्यानं साडीचा खोका तबकात ठेवायला हात पुढे केला.

"दिगू, यंदा साडी नको."

"मग काय हवं? माग ना ताई."

"कुसुमकडे चल माझ्याबरोबर. तिला एवढंच सांग, झाड तू लावलंस आणि काय आहे ते तुला ठाऊक होतं. बाकी घरांचं मी बघते."

निरांजनाची वात तडतडत होती. मामानं टोपी सारखी केली. "ताई, मी व्याख्यानात कुणाचं नाव घेतलं का?"

"नाही घेतलंस. सगळ्यांना कळलं."

"हे बघ, विज्ञानात व्यक्तिगत काही नसतं."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "शाल व्यक्तिगत होती."

मामा साडीचा खोका तबकात ठेवून, फराळ न करता गेला. आईनं खोका उचलून कपाटावर ठेवला आणि तो तिथेच राहिला. पुढे त्यावर सुटकेसही आली.

दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला. आधी परस. उपटलेलं फेकायचं नाही, जमिनीवर पडलेलं एकेक पोर वेचायचं, आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घालून उकळायचं, ही पद्धत तिनंच काढली. "उकळल्यावर काय उगवतंय?" ती म्हणाली. अनेक पुस्तकं वाचल्यावर सांगते, घरच्या घरी याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही. मग आम्ही घरोघर निघालो, ती खुरपं घेऊन, मी पातेलं घेऊन. फ्रीगंजात, ऋषीनगरात, जुन्या शहरात गच्च्यांवर, कुंड्यांत, मोऱ्यांच्या फटींत. मामाच्या नकाशाची मला मदत झाली, हे नाकारत नाही. बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "आलं तरी कुठून हो हे तुमच्याकडे?" आई वाकूनच म्हणायची, "माझ्याच परसातून." प्रत्येक दारात मी वाट बघायची, की आता ती सांगेल. तिनं सांगितलं नाही.

कुसुमकाकूंचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. तुळशीपाशी गेरूचा कुल्हड तसाच होता, फक्त लेकुरवाळी त्यातून उतरून वृंदावनाच्या पायऱ्यांवर बसली होती. आईनं सगळं वेचलं. कुल्हडापाशी आली तेव्हा कुसुमकाकू म्हणाल्या, "एवढं एक राहू दे ना, वहिनी."

आईनं खुरपं खाली ठेवलं. "नको गं. मी तुला चांगलं काहीतरी द्यायला हवं होतं."

"तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"काकू, दिगूमामानंच ते—" मी बोलायला लागले.

"नंदा, पातेलं धर," आई म्हणाली.

मी धरलं. त्या दिवशी मला मामाचा जेवढा राग आला, तेवढाच तिचा आला. तो उघडा पडू नये म्हणून ती घरोघर वाकली, आणि मलाही तिनं गप्प केलं. भाऊ म्हणजे काय असतं, ते मला भाऊ नसल्यामुळे कळलं नसेल. पण कुसुमकाकूंनी त्यानंतर आमच्या भिंतीवरून वाकून कधी पाहिलं नाही, आणि ते पाहायला मामा नव्हता, आई होती.

आता हे झाड इथल्या रोपवाटिकेत रंगीत कुंडीत 'लकी प्लांट' म्हणून मिळतं. मी विकणाऱ्याला एकदा सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "होगा आंटी, पर चलता बहुत है."

त्या भाऊबीजेनंतर मामा काही आठवडे आला नाही आणि मग एका रविवारी आला. भाजीवाल्याला त्यानं त्या दिवशी दुरुस्त केलं नाही. आईनं पोहे वाफेला ठेवले. मी मागच्या पायरीवर बसले होते. तो माझ्यापाशी आला, खिशातून एक पान काढलं आणि पूर्वीसारखं माझ्यापुढे धरलं.

"ओळख नंदे, काय हे?"

करंजाचं पान होतं. आमच्या फाटकाशीच करंज होता, आणि मी चौथीत असल्यापासून मला तो ओळखता येत होता. येता येता त्यानं तोडलं असणार, सगळ्यांत सोपं. मी ते हातात घेतलं. चुरगाळलं. त्याचा कडवट वास बोटांना लागला. उलटसुलट करून, शिस्तीत, सगळं पाहिलं. मग ते त्याला परत दिलं.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग घराच्या अंगावरून पलीकडे, फाटकाकडे. आत आईच्या हातून पोह्यांवरचं झाकण जरा जोरात बसलं. मामानं पान खिशात ठेवलं आणि पुन्हा कधीही मला कुठल्या झाडाचं नाव विचारलं नाही.